भिंतीवरचा उलटा निंब

मित्रांनो, मी काचेचा एक जुना तुकडा आहे. माझ्या दोन कडा सरळ आहेत आणि काटकोनात मिळतात. तिसरी कड वेडीवाकडी आहे. सरळ कडा मला कारखान्याने दिल्या. वाकडी सोमलिंगने दिली.

बेंबळीपासून दीड कोसावरच्या एका गावात, मातीच्या भिंतीत, मी रुतून बसलो आहे. तळहाताएवढा आहे. पूर्वी मी मोठा होतो, सव्वा फूट रुंद आणि दोन फूट उंच. माझ्या कोपऱ्यात हवेचा एक बुडबुडा आहे. वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून, नळीने फुंकून, लांब पंचपात्रासारखा आकार करून मग तो चिरून सपाट केला की माझ्यासारखे तावदान तयार होई. म्हणून लोक म्हणत, की बुडबुड्यात त्या फुंकणाऱ्याचा श्वास अडकला आहे. मला तसे खात्रीने सांगता येणार नाही. वितळलेल्या वाळूतली हवाही असू शकेल.

बोटीने मी मुंबईला आलो, रेल्वेने कुर्डुवाडीला, आणि पुढे एका मिशनच्या बंगल्यात बरीच वर्षे राहिलो. १९३६ साली तो बंगला उतरवला, तेव्हा तिथल्या गोऱ्या साहेबाने मला कोंडीराम मास्तरांना देऊन टाकले. मास्तर मिशनची शाळा चालवत. बैलगाडीत कडब्याच्या पेंढ्यांमध्ये झोपवून त्यांनी मला गावी आणले आणि आपल्या घराच्या मागच्या, पूर्वेच्या भिंतीत बसवले.

त्या गावात कुणाच्याच घराला खिडकी नव्हती. दरोड्याची भीती होती, आणि उजेड लागतो कशाला, असाही प्रश्न होता. धान्य अंधारात टिकते, माणसे दिवसभर रानात असतात. दार आहे तेवढे पुरे.

पण मास्तरांच्या बायकोला, गजराबाईला, मी फार आवडलो. भिंतीपलीकडे सोमलिंगचे परस होते. सोमलिंग गावातला मोठा शेतकरी आणि आडत्याही. परसात त्याची म्हैस, कडब्याची गंज आणि एक मोठा निंब. गजराबाई सकाळी चूल पेटवण्याआधी माझ्यासमोर उभी राहून प्रार्थना करी. ती प्रार्थना इतरांसारखी नव्हती.

“प्रभू,” ती म्हणे, “भाकरीचं, पान्याचं सगळेच म्हनतात, मीबी रातच्याला म्हनंन. पर आज लिंबावर सात राघू आले. त्येंच्याबिगर आमचं काय बी अडलं नव्हतं. तरी तू धाडलेस. तुजे उपकार.”

दुसऱ्या दिवशी निंबाच्या कोवळ्या पानांचा तांबूस रंग. तिसऱ्या दिवशी माझ्यातून जमिनीवर पडलेला उन्हाचा चौकोन. ज्यांच्यावाचून अडत नाही अशा गोष्टी ती रोज एकेक शोधून काढी. मला वाटे, मी एवढ्याचसाठी सातासमुद्रापलीकडून आलो.

बाकी कुणाला तसे वाटत नव्हते.

“खिरिस्तावाच्या भितीला डोळा फुटलाय!” सोमलिंग परसात उभा राहून ओरडे. “माझी म्हस आटली ह्या डोळ्यापायी. ए मास्तर, कोण बघतंय रं रोज सकाळच्याला?”

मग तो शेणाचा गोळा उचलून माझ्यावर मारी. तो रानात गेला की गजराबाई राख आणि पाणी घेऊन बाहेरून मला धुई. मारणे आणि धुणे हे सहा वर्षे चालले. तिने माझ्या खालच्या अर्ध्या भागावर कागदसुद्धा चिकटवून पाहिला, म्हणजे त्याच्या परसातली माणसे दिसू नयेत, नुसते झाड दिसावे. त्याने तो कागद फाडला नाही, पण शेण मारणे थांबवलेही नाही. कागद पावसात गळून गेला.

आमच्या ख्रिस्ती मंडळीतसुद्धा मला मान नव्हता. आठ-दहा घरांची ती मंडळी. तिच्यातला वडील माणूस बिराप्पा सगळ्यांदेखत म्हणे, “पोटाला न्हाय आटा आन् भितीला आरसा! मास्तरीणबाई, राघूचे उपकार मानून काय राघू खाता व्हय?”

गजराबाई हसे. पण घरी आल्यावर भांडी जरा जोरात ठेवी.

मग १९४३ साल आले. लढाई लांब कुठेतरी चालू होती, पण तिची झळ आमच्या शिवारापर्यंत पोचली होती. निजामाच्या सरकारने लेव्ही बसवली. शेतकऱ्याने आपल्या धान्यातला ठरलेला हिस्सा सरकारला ठरलेल्या भावाने घालायचा आणि दडवला तर तुरुंगात जायचे. ज्वारी मिळेनाशी झाली. अशा दिवसांत एका दुपारी, सगळे गाव रानात असताना, सोमलिंगने परसात, निंबापासून चार पावलांवर, पेव खणले. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. त्यात त्याने पोती रिकामी केली, तोंडावर दगड ठेवला, माती लोटली, वर शेणाने सारवले आणि म्हैस आणून बांधली. मग त्याने मान वर केली.

समोर मी होतो. आणि माझ्यामागे, अंधारात, त्याला नीट न दिसणारी गजराबाई.

त्यानंतर शेणाचे गोळे थांबले. सोमलिंग माझ्याकडे नुसता बघत राही. त्यापेक्षा मला शेण बरे वाटले असते.

मित्रांनो, आमच्या मंडळीत मार्च महिन्यात, शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी निघाली की, कापणीचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकले असेल त्यातले पहिले आणि चांगले आणून देवापुढे ठेवायचे. कणसे, भोपळा, अंडी, कोंबडी. उपासना झाली की शाळेपुढच्या पटांगणात त्यांचा लिलाव होतो. बोली पैशांत नाही, ज्वारीच्या पायलीत. जमलेली ज्वारी मंडळीतल्या विधवांना जाते. त्यात एक गोड चाल होती. आपण वाहिलेली वस्तू आपणच बोली लावून सोडवायची. दुसरा कुणी मध्ये पडत नसे. गजराबाईची काळी कोंबडी अशी पाच वर्षे देवाला वाहिली गेली होती आणि पाच वर्षे संध्याकाळी घरी परत आली होती.

सणाच्या आदल्या रविवारी बिराप्पा म्हणाला, “मास्तरीणबाई, ह्या साली कोंबडी नगं. रोज जिचे उपकार मानता ती काच आना की! का प्रभूला अंडी आन् सोताला काच?”

सगळे हसले. गजराबाईचे कान लाल झाले.

“आनते,” ती म्हणाली.

घरी मास्तर चिडले. “खुळी का काय तू? भिंत फोडून काच न्यायची?”

“तुमी सोडवून आनाल की. एका पायलीत. बिराप्पाचं त्वांड तरी बंद व्हईल.”

इथे तिची चूक झाली, आणि मला तिला दोष देता येत नाही. त्या चालीवर सगळ्या मंडळीचा विश्वास होता. बाहेरचा माणूस बोली लावील, हे कुणाच्या मनात आले नव्हते, कारण बाहेरच्या माणसाला भोपळ्याची काय पडली होती?

तिने चौकट सोडवून मला बाहेर काढले, लुगड्याच्या पदराने पुसले आणि डोक्यावर धरून नेले. कणसांच्या आणि भोपळ्यांच्या मधोमध मी उभा राहिलो. माझ्यात सगळ्या मंडळीची तोंडे दिसत होती. खरे सांगायचे तर मला अभिमान वाटत होता.

“काच!” बिराप्पा ओरडला. लिलाव तोच करी. “बोला!”

“एक पायली,” मास्तर म्हणाले.

“एक पायली एक वार. एक पायली दोन वार...”

“पाच,” मागून आवाज आला.

पटांगणाच्या कडेला बघ्यांमध्ये सोमलिंग उभा होता. मंडळीने माना वळवल्या.

“सहा,” मास्तर म्हणाले.

“सात.”

“आठ,” मास्तर म्हणाले. घरच्या कणगीत आठच पायल्या होत्या. हे मला माहीत होते, कारण कणगी माझ्या समोरच होती.

“एक पोतं,” सोमलिंग म्हणाला. “भरलेलं.”

बिराप्पाने पाळकसाहेबांकडे पाहिले. पाळकसाहेब उपासना चालवायला महिन्यातून एकदा गाडीने येत. त्यांनी ओळीत बसलेल्या चार विधवांकडे पाहिले. त्यांतल्या दोघींनी आदल्या दिवसापासून काही खाल्ले नव्हते.

“देवाच्या लिलावात कुणाचीही बोली नाकारता येत नाही,” ते हळू म्हणाले.

सोमलिंग पुढे आला. विटाळ नको म्हणून आमच्या कुणाच्या हातून तो वस्तू घेत नसे, तेव्हा त्याने मला जमिनीवर ठेवायला लावले आणि मग उचलले. क्षणभर त्याचा चेहरा माझ्यात दिसला. तो रागीट नव्हता. भ्यालेला होता.

“अप्पा,” गजराबाई पुढे होऊन म्हणाली, “ती फोडू नगा. लांब कुटं तरी बसवा, पर फोडू नगा.”

“माल कुनाचा?”

“तुमचा.”

“मग?”

त्याने मला शाळेच्या पायरीच्या दगडावर आपटले.

माझे तेवीस तुकडे झाले. गजराबाईने ते मोजले, कारण एक जरी मातीत राहिला असता तरी कुणाच्या तरी अनवाणी पायात गेला असता. पोते त्याने संध्याकाळी बोलल्याप्रमाणे आणून टाकले. चार घरी चुली पेटल्या, हेही मला सांगितलेच पाहिजे. बावीस तुकडे गजराबाईने खोल पुरले. तेविसावा, बुडबुड्याचा, तिने ठेवून घेतला. फुटकी काच घरात ठेवू नये म्हणतात. तिने ठेवली.

दुसऱ्या दिवशी मास्तर खिडकीचे भगदाड दगडमातीने बुजवायला लागले. “आता त्याचं त्वांड आपल्याला न्हाय आन् आपलं त्याला न्हाय,” ते म्हणाले.

शेवटचा ओला गिलावा झाल्यावर गजराबाईने कडब्याचे एक ताट, म्हणजे ज्वारीचा वाळका धांडा, घेतले, करंगळीएवढ्या जाडीचे, आणि भिंतीच्या मातीत आरपार घातले. मग ते हळूच ओढून काढले. गोल भोक राहिले. सोमलिंग रानात गेल्यावर बाहेरून जाऊन तिने त्या भोकावर मला दाबून बसवले, म्हणजे धूळ आणि पाली आत येऊ नयेत.

“एवढ्यानं काय दिसनार?” मास्तर म्हणाले.

“काय न्हाय. पर भिंत आंधळी तरी न्हाय.”

त्या दिवसांत तिची सकाळची प्रार्थना बंद होती. भाकरीचे आभार ती मानी, त्यापुढे थांबे.

एप्रिलमध्ये लेव्हीचा गिरदावर, म्हणजे तपासणीचा सरकारी अंमलदार, गावात आला. उन्हाचा तो आमच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकला. सोमलिंगच्या घराची झडती घेऊन त्याला काही मिळाले नव्हते.

“बाई,” तो म्हणाला, “तुमचं घर त्याच्या परसाला लागून आहे. धान्य कुठं दडवलंय, काही पाहिलंत का? सांगणाऱ्याचं नाव बाहेर जात नाही.”

मी भिंतीत बसून ऐकत होतो. एक शब्द पुरला असता. माझी वाकडी कड तेव्हा ताजी होती, आणि मित्रांनो, मी कबूल करतो, तिने तो शब्द बोलावा असे मला वाटत होते.

गजराबाईने तांब्या उचलला. “साहेब, आमच्या भितीला आता खिडकी न्हाय. आमाला काय दिसनार?”

गिरदावर गेला.

पावसाळा सरला आणि मास्तर हिवतापाने पडले. उजेडाने डोके ठणकते म्हणून त्यांना मागच्या खोलीत निजवले आणि दार लावून घेतले. ती ऑक्टोबरची दुपार होती. सूर्य पश्चिमेकडे कलला होता आणि सोमलिंगच्या परसात लख्ख ऊन होते.

“गजरा!” मास्तर ओरडले. “म्हस माळवदाला चिकटून चालतीया!”

“ताप डोक्यात गेला,” असे पुटपुटत ती आत आली, दार लोटले आणि थांबली.

पांढऱ्या मातीने पोतारलेल्या समोरच्या भिंतीवर एक झाड लोंबत होते. बुंधा वर, शेंडा खाली. पाने हलत होती. हिरवी पाने. वर छताजवळ पाय वर करून काळी म्हैस रवंथ करीत होती, आणि तिच्या शेजारून हातभर उंचीचा उलटा सोमलिंग बादली घेऊन चालला होता.

यात जादू नव्हती, आणि श्रेयही माझे नव्हते. उजेड सरळ रेषेत जातो. निंबाच्या शेंड्याकडून निघालेला उजेड बारीक भोकातून आत शिरतो तो खाली जातो, बुंध्याकडचा वर जातो. भोक मोठे असले की प्रत्येक ठिकाणचा उजेड भिंतीवर पसरतो आणि सगळी चित्रे एकमेकांत मिसळून नुसता पांढरा प्रकाश होतो. दोन फुटांचा असताना सहा वर्षांत मला जे जमले नाही, ते तळहाताएवढा उरल्यावर माझ्यामागच्या करंगळीएवढ्या भोकाने केले. मी फक्त त्यावरचे झाकण होतो.

गजराबाई भिंतीसमोर बसली. बराच वेळ पाहत राहिली. मग हात जोडून म्हणाली, “प्रभू, हे तर आमी मागितलंबी नव्हतं.” सात महिन्यांनी तिची ती प्रार्थना परत आली.

अशी गोष्ट गावात लपत नाही. बाया, म्हातारे, शाळेतली पोरे, सगळी पाहून गेली. बिराप्पा तर दोनदा आला. तिसऱ्या दिवशी सोमलिंगच्या कानावर गेले, की खिरिस्तावांनी त्याला भिंतीवर उलटे टांगले आहे.

तो कुदळ घेऊन आला.

“कुटं हाय त्ये? भिंतच पाडतो!”

मास्तर तापाने थरथरत दारात उभे राहिले. “माझ्या घरात पाय टाकशील तर...”

“तुज्या घरात पाय टाकायला मला काय याड लागलंय?”

“मग आतली भिंत कशी पाडनार, अप्पा?” गजराबाई आतून म्हणाली. “आन् बघितल्याबिगर पाडू नगा. या आत. कुदळ घेऊनच या.”

तो उंबऱ्याशी थांबला. त्याच्या घरातल्या कुणीही आमचा उंबरा आजवर ओलांडला नव्हता. मग त्याने दात खाऊन पाय आत टाकला. मागून दार लागले.

“काय बी न्हाय हितं. नुसता अंधार.”

“डोळं सरावू द्या. बसा.”

तो बसला नाही. उभाच राहिला, कुदळीवर हात टेकून. थोड्या वेळाने त्याला निंब दिसला, राघू दिसले. त्याची म्हैस दिसली.

“उलटी!” तो पुटपुटला. “आन् दूध कसं सांडंना हिचं?”

गजराबाई फस्सकन हसली. तो हसला नाही. कारण आता त्याला म्हशीच्या पायांशी शेणाने सारवलेला गोल दिसत होता. आजूबाजूच्या मातीपेक्षा निराळ्या रंगाचा. ज्याला माहीत आहे त्याला स्पष्ट कळणारा.

त्याने वळून मागच्या भोकाकडे पाहिले.

“ह्या बारक्या भोकातनं एवढं दिसतंय,” तो म्हणाला. “तवा तर मोठी काच व्हती.”

“व्हय.”

“म्हंजे तू बघितलंवतंस. मी खनताना.”

“व्हय.”

“गिरदावर तुज्या वट्ट्यावर बसला व्हता. मी लांबनं बघत व्हतो. म्या म्हनलं, गेलो.”

“त्यानं इचारलं. म्या न्हाय सांगितलं.”

“का?” त्या एका शब्दात इतका राग होता, की जणू तिने सांगितले असते तर त्याला बरे वाटले असते.

“खोटं कशाला बोलू, अप्पा? आमच्या चार बाया उपाशी व्हत्या तवा तुमच्या पेवाकडं बघून दात खाल्ले म्या. काच फोडली तवाबी खाल्ले. पर सा वर्सं म्या त्या काचंतनं पेव बघाया उभी ऱ्हात नव्हते. लिंब बघत व्हते.”

सोमलिंगने कुदळ खांद्यावर घेतली. दार उघडले. उजेडाने भिंतीवरचे सगळे पुसले गेले.

“जागा माझी हाय,” तो पाठमोराच म्हणाला. “शाळू निघू दे. ह्या साली कडब्याची गंज ह्या भोकाम्होरंच लावनार. मग बघत बस तुजा लिंब.”

आणि तो तसे करू शकत होता. भिंत आमची होती, पण भिंतीपुढची जमीन त्याची. ना पाळकसाहेब काही करू शकले असते, ना गिरदावर. गजराबाई त्या हिवाळ्यात रोज दुपारी पाच मिनिटे भिंतीसमोर बसे आणि शिल्लक दिवस मोजत असल्यासारखी पाही.

मार्च आला. गाड्या आल्या. भिंतीवर बैल पाय वर करून चालले, गाड्यांची चाके छताला घासत गेली. गडी पेंढ्या फेकू लागले. गंज उलटी रचली जाताना तुम्ही पाहिली नसेल. ती छतापासून सुरू होते आणि खाली खाली वाढत येते. डावीकडून ती सरकत येऊ लागली. आधी भिंतीची कड झाकली. मग म्हशीचा गोठा. मग निंबाची एक फांदी.

गजराबाईने आतल्या बाजूने, भोकाशेजारी, भिंतीला हात टेकला. मास्तर म्हणाले, “दार उघड आता. बघून काय करायचं?”

“थांबा की.”

उलटा सोमलिंग भिंतीवर आला. त्याने गंजीकडे पाहिले, मग सरळ माझ्याकडे पाहिले. बाहेरून त्याला माझ्यात काय दिसले असेल ते मला माहीत नाही. बुडबुडा दिसला असेल, किंवा स्वतःचा डोळा. त्याने गड्याला काहीतरी ओरडून सांगितले, शिवी हासडली, आणि पुढची पेंढी दुसऱ्या टोकाला पडली.

गंज माझ्यापासून दोन हात बाजूला थांबली. निंबाची एक फांदी गेली. बाकीचा निंब राहिला.

सणाच्या दिवशी बिराप्पाने विचारले, “मास्तरीणबाई, ह्या साली काय आनलं?”

“भोपळा,” गजराबाई म्हणाली.

पण उपकारस्तुतीच्या वेळी ती उभी राहिली. “प्रभू,” ती मोठ्याने म्हणाली, “दोन हात जागेबद्दल तुजे उपकार. ज्यानं सोडली त्यो म्हनंल, म्या सोडली न्हाय. म्हनू दे. तेवढ्यावाचून आमी मेलो नसतो. तरी मिळाली.” पटांगणाच्या कडेला कुणीतरी थुंकले आणि चालू लागले. ते कोण होते हे सगळ्यांना माहीत होते.

मित्रांनो, सोमलिंग आमचा मित्र झाला असे मी सांगणार नाही. तो पुढेही आम्हाला शिव्या देत राहिला. पण निजामाचे राज्य जाईपर्यंत आणि गेल्यावरही, दर मार्चमध्ये ती गंज तेवढीच दोन हात बाजूला लागली.

आता माझ्यावर पुष्कळ धूळ बसली आहे. निंब अजून आहे, पण भिंतीवर तो धुकट दिसतो. या घरात राहायला येणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. भिंत पोताराल तेव्हा हे भोक बुजवू नका. त्याच्यावाचून तुमचे काही अडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ओल्या फडक्याने मला एकदा बाहेरून पुसा, दुपारी दार लावून घ्या आणि डोळे सरावेपर्यंत बसा.